घरच्या फोटोंचं, घरी शिवलेलं कॅलेंडर

घरच्या फोटोंचं कॅलेंडर करायचं ठरलं की सगळे आधी फोटो निवडायला बसतात. माझं सांगणं उलट आहे: आधी कागद ठरवा, मग तारखांच्या चौकटी आखा आणि मगच फोटोंकडे वळा.

कागद कारखान्यात तयार होताना त्यातले तंतू बरेचसे एकाच दिशेला वळतात. या तंतूंना समांतर घडी घातली तर ती सरळ पडते आणि कागद फाटतोही सरळ. तंतूंच्या आडव्या दिशेने मात्र जाड कागद घडीवर तडकतो. बाजारातल्या बहुतेक ए-फोर कागदांत तंतू लांब बाजूला समांतर असतात. म्हणून कॅलेंडर आडवं धरावं आणि शिवण वरच्या, २९७ मिलिमीटरच्या कडेला घ्यावी. खात्रीसाठी कागद एकदा लांबीत आणि एकदा रुंदीत हलकेच वाकवून पाहा. ज्या घडीला तो कमी विरोध करतो, तंतू त्या घडीला समांतर.

सुमारे २०० जीएसएमचा मॅट कागद उत्तम. चकचकीत कागदावर फोटो खुलतो हे खरं, पण दुधाचा खाडा आणि सिलिंडर लावल्याची तारीख पेनाने लिहायला गेलं की शाई फिसकटते. इंकजेटसाठीचा चकचकीत फोटो पेपर लेझर प्रिंटरमध्ये तर घालूच नये. उष्णतेने त्याचा थर वितळून आत चिकटू शकतो.

आता आखणी. वर २५ मिलिमीटर शिवणीसाठी कोरे सोडा. डावीकडे १३२ बाय १७६ मिलिमीटरचा उभा फोटो, म्हणजे मोबाइलवर काढलेला उभा फोटो कापाकापी न करता बसतो. उजवीकडे तारखा. वार वरून खाली आणि तारखाही वरून खाली, ही १९७३पासून घरोघरी असलेल्या ‘कालनिर्णय’ची मांडणी आपल्या डोळ्यांना सरावाची आहे; तीच ठेवावी. २३ बाय २० मिलिमीटरच्या चौकटीत तारीख छापूनही चार अक्षरं लिहिण्यापुरती जागा उरते. २०२७मध्ये जानेवारी, मे आणि ऑक्टोबर हे महिने पाच उभ्या रांगांत मावत नाहीत. मेची १ तारीख शनिवारी येते, तेव्हा ३० आणि ३१ पहिल्या रांगेतल्या रिकाम्या रविवार-सोमवारच्या चौकटींत घ्याव्यात. सणवार मात्र त्या वर्षाच्या पंचांगावरूनच भरा. तिथी दरवर्षी सरकतात.

छपाईला दर इंचाला ३०० पिक्सेल धरले तर या आकाराच्या फोटोला सुमारे १५६० बाय २०८० पिक्सेल हवेत. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो आकसलेला असतो. नातेवाइकांकडून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवून घ्या.

मुखपृष्ठ आणि बारा महिने मिळून तेरा पानं झाली. प्रत्येक पानावर वरून २० मिलिमीटरवर पट्टी ठेवून, शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून रेघ ओढा. पान इथूनच फाटणार आहे, म्हणून हे काम घाईत करू नका. पानांच्या मागे जाड पुठ्ठा, पुढे वरच्या कडेला १८ मिलिमीटर रुंद पुठ्ठ्याची पट्टी. दुकानातल्या कॅलेंडरांना असते त्या पत्र्याच्या पट्टीच्या जागी. टांगायची नाडी मागच्या पुठ्ठ्यात आधीच ओवून ठेवा. गठ्ठा ठोकून कडा जुळवा, क्लिपा लावा आणि वरून १० मिलिमीटरवर समान अंतराची सहा भोकं दाभणाने पाडा. पुठ्ठा दाद देत नसेल तर बारीक ड्रिल वापरा.

मेण लावलेला जाड दोरा दीड-दोन मीटर घ्या. दुसऱ्या भोकातून सुई मागून पुढे काढा आणि मागे वीतभर शेपूट सोडा. दोरा वरच्या कडेवरून मागे नेऊन त्याच भोकातून पुन्हा पुढे आणा. मग तिसऱ्यात पुढून मागे, चौथ्यात मागून पुढे, असं सहाव्यापर्यंत जा. प्रत्येक भोकाशी वरच्या कडेला एक वेढा हवाच. सहाव्याशी बाजूच्या कडेलाही वेढा द्या. परतताना नुसते खाली-वर टाके घालत राहिलेली अंतरं भरा. पहिल्या भोकाशीही वर आणि बाजूला वेढे देऊन मागच्या बाजूने दुसऱ्याकडे या आणि शेपटाशी गाठ मारा. प्रत्येक टाका लगेच ताणावा. नंतर ताणला तर सैल राहतोच.

महिना संपला की पान पट्टीच्या कडेवर वर दुमडून एका टोकाकडून सावकाश ओढा. तंतू शिवणीला समांतर असल्याने ते रेघेवरच सुटतं, आणि डावीकडचा फोटो कात्रीने वेगळा करून थेट अल्बममध्ये लावता येतो.