प्रगत अंडाशय कर्करोग आणि पूरक व पर्यायी उपचार

प्रगत अंडाशय कर्करोगात शस्त्रक्रिया व केमोथेरपी या प्रमाणित उपचारांच्या जोडीने किंवा त्यांच्याऐवजी आयुर्वेद, होमिओपॅथी, योग, ॲक्युपंक्चर, आहारोपचार इत्यादी उपाय वापरले जातात. प्रमाणित उपचार चालू ठेवून घेतलेल्या उपायास ‘पूरक’, तर ते सोडून घेतलेल्या उपायास ‘पर्यायी’ म्हणतात. हे वर्गीकरण पद्धतीच्या नावावरून नव्हे, तर तिच्या वापरावरून ठरते. केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाचा योगाभ्यास हा पूरक उपाय होय. योगावर विसंबून केमोथेरपी नाकारल्यास तोच पर्यायी ठरतो. दोन्ही प्रकारच्या उपचारांत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली समन्वय साधणाऱ्या शाखेस ‘एकात्मिक कर्करोगचिकित्सा’ अशी संज्ञा आहे.

रोगाचे स्वरूप

पोट फुगणे, थोडे खाल्ल्यावर पोट भरल्यासारखे वाटणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला होणे ही या कर्करोगाची लक्षणे होत. ती अपचन किंवा वाताच्या तक्रारींसारखी असल्याने बहुसंख्य रुग्णांमध्ये निदान तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात होते. तिसऱ्या टप्प्यात रोग ओटीपोटाबाहेर उदरपोकळीच्या आवरणावर किंवा उदरातील लसिका ग्रंथींमध्ये पसरलेला असतो. चौथ्या टप्प्यात तो फुप्फुसाभोवतालच्या द्रवात, यकृताच्या आत किंवा इतर दूरच्या अवयवांत पोहोचतो. पोटात पाणी साठणे (जलोदर) हे प्रगत अवस्थेचे नेहमी आढळणारे लक्षण आहे.

प्रमाणित उपचार

दिसणारी सर्व रोगग्रस्त ऊती शक्य तितकी काढून टाकणारी शस्त्रक्रिया आणि कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल या दोन औषधांची केमोथेरपी हा उपचाराचा कणा आहे. केमोथेरपी साधारणतः तीन आठवड्यांच्या अंतराने सहा वेळा दिली जाते. आरंभी शस्त्रक्रिया शक्य नसल्यास काही फेऱ्या आधी देऊन नंतर शस्त्रक्रिया करतात. बीआरसीए जनुकांत दोष असलेल्या रुग्णांना त्यानंतर ओलापॅरिबसारखी गोळी देता येते. अशा रुग्णांवरील ‘सोलो-१’ या चाचणीत केमोथेरपीला प्रतिसाद दिलेल्या स्त्रियांपैकी ओलापॅरिब घेणाऱ्या ६७ टक्के, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्या ४६.५ टक्के स्त्रिया सात वर्षांनंतर हयात होत्या.

पहिल्या उपचाराने बहुतेक रुग्णांमध्ये रोग आटोक्यात येतो. मात्र प्रगत अवस्थेत निदान झालेल्या बहुतेकींमध्ये तो पुढे उलटतो. शेवटच्या प्लॅटिनमयुक्त औषधानंतर सहा महिन्यांच्या आत रोग उलटल्यास पुढील औषधांचा गुण सहसा कमी येतो. पर्यायी उपचारांचा विचार कुटुंबात दोन वेळी प्रकर्षाने पुढे येतो : निदान होताच, केमोथेरपीच्या भीतीपोटी, आणि रोग उलटल्यानंतर. या दोन वेळांचे वैद्यकीय मोल सारखे नाही. पहिल्या वेळी उपचार सोडल्यास गमावण्यासारखे सर्वांत जास्त असते.

वनस्पतीपासून औषधापर्यंत

‘झाडपाल्याचे औषध’ आणि ‘रासायनिक औषध’ असा भेद सर्रास केला जातो. पण या रोगाच्या प्रमुख औषधालाच तो लागू पडत नाही. पॅक्लिटॅक्सेल हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीतून मिळाले. नंदुरबार येथे जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी (१९२५–२०२०) यांनी मन्रो वॉल यांच्यासह १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. त्याची क्रिया कशी होते हे १९७९ मध्ये उलगडले आणि रुग्णांवरील चाचण्यांनंतर डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेत अंडाशय कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. रचना कळल्यापासून मान्यतेपर्यंत २१ वर्षे लागली.

वॉल व वाणी यांनीच १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले होते. हेच द्रव्य सह्याद्रीत आढळणाऱ्या नरक्या या झाडातही आहे. मात्र त्याचे मूळ रूप रुग्णांना सोसवेना. त्यात बदल करून तयार झालेल्या टोपोटेकनला १९९६ मध्ये उलटलेल्या अंडाशय कर्करोगासाठी मान्यता मिळाली. यू वृक्षाची साल किंवा नरक्याचा काढा घेणे हा मात्र उपचार नव्हे, कारण त्यातील द्रव्याचे प्रमाण अनिश्चित आणि विषारीपणा मोठा असतो. वनस्पतीला औषध बनवते ती शुद्धता, मोजलेली मात्रा आणि तुलनात्मक चाचणी.

उपयुक्ततेचे पुरावे

पूरक उपायांचा उपयोग मुख्यतः त्रास कमी करण्यासाठी होतो. केमोथेरपीमुळे होणारी मळमळ व उलटी यांवर नेहमीच्या औषधांच्या जोडीला ॲक्युपंक्चरचा काही उपयोग होतो. योग व नियमित हालचालींमुळे थकवा आणि निद्रानाश कमी होण्यास मदत होते. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या आणि एकात्मिक चिकित्सकांच्या संघटनांनी संयुक्तपणे २०२२ मध्ये वेदनांविषयी आणि २०२३ मध्ये चिंता व नैराश्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. सजगतेवर आधारित ध्यानाची शिफारस दुसऱ्या सूचनांत आहे. ठाण्यातील अंबिका योग कुटीर, घंटाळी मित्र मंडळ या संस्था योगप्रशिक्षणासाठी परिचित आहेत. शस्त्रक्रियेनंतर पोटावर ताण देणारी आसने मात्र शल्यचिकित्सकाच्या परवानगीनेच करावी लागतात.

या उपायांनी अंडाशयाचा प्रगत कर्करोग बरा होतो असे कोणत्याही तुलनात्मक चाचणीत दिसलेले नाही. जर्दाळूच्या बियांतील द्रव्यापासून केलेल्या आणि ‘जीवनसत्त्व ब-१७’ या नावाने खपवल्या जाणाऱ्या लेट्रिलची विविध कर्करोगांच्या १७८ रुग्णांवर चाचणी झाली. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्याचा लाभ झाला नाही आणि काही रुग्णांच्या रक्तात सायनाइड वाढले. २०१८ मध्ये येल विद्यापीठातील संशोधकांनी स्तन, फुप्फुस, मोठे आतडे व प्रोस्टेट यांच्या कर्करोगांचा अभ्यास केला. केवळ पर्यायी उपचार निवडणाऱ्या २८१ रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका प्रमाणित उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट आढळला. त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात पूरक उपाय करणाऱ्यांमधील वाढीव धोक्याचा संबंध प्रमाणित उपचारांचा एखादा भाग नाकारण्याशी दिसून आला. या अभ्यासांत अंडाशयाचा कर्करोग नव्हता. तरी ‘जोडीने’ सुरू झालेला उपाय नकळत ‘ऐवजी’ होतो, हा त्यांचा इशारा येथेही लागू पडतो.

धोके

काही धोके या रोगात विशेष महत्त्वाचे ठरतात. उदरपोकळीत पसरलेल्या रोगामुळे आतड्यांत अडथळा येऊ शकतो. अशा वेळी विरेचन, बस्ती किंवा तीव्र रेचक घातक ठरू शकतात. जलोदर उपसताना शरीरातील प्रथिने कमी होतात, त्यामुळे उपवास किंवा केवळ रसाहार यांनी अशक्तपणा वाढतो. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना न उकळलेला गव्हांकुरांचा रस किंवा गोमूत्र यांपासून जंतुसंसर्गाचा संभव असतो. पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचे प्रमाणही या रोगात अधिक असल्याने सुजलेल्या पायाला तपासणीपूर्वी जोराने मालिश करणे टाळतात.

कार्बोप्लॅटिनची मात्रा मूत्रपिंडाच्या कार्यक्षमतेवरून ठरते आणि पॅक्लिटॅक्सेलचे विघटन यकृतात होते. त्यामुळे या अवयवांना इजा करणारे द्रव्य केमोथेरपीलाही बाधक ठरते. अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतदाह झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला. हळदीतील कर्क्युमिनचे अधिक मात्रेतील पूरक रक्त गोठण्यावर परिणाम करू शकतात. स्वयंपाकातील हळदीला ही हरकत लागू नाही. होमिओपॅथीच्या अतिविरल औषधांत द्रव्य नगण्य असल्याने तेथील मुख्य धोका विलंबाचा असतो.

ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील स्थिती

या भागातील अनेक रुग्ण कर्करोगाच्या उपचारांसाठी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जातात. हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. त्याचे संशोधन व उपचार केंद्र नवी मुंबईत खारघर येथे आहे. कळव्यात ठाणे महानगरपालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, तर कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची कल्याणात रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीत शास्त्रीनगर ही सर्वसाधारण रुग्णालये आहेत. मध्य रेल्वेच्या लोकलमधील अपंगांच्या राखीव डब्यातून कर्करोगग्रस्तांना प्रवासाची मुभा आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत संलग्न रुग्णालयांतील शस्त्रक्रिया व केमोथेरपी यांचा समावेश होतो.

तरीही दर तीन आठवड्यांनी करावी लागणारी ही यात्रा, बाह्यरुग्ण विभागातील गर्दी, केस गळण्याची धास्ती आणि खर्च यांमुळे घराजवळचा, निवांत बोलणारा आणि ‘दुष्परिणाम नाहीत’ असे सांगणारा उपचारक आश्वासक वाटतो. ही ओढ केवळ अज्ञानातून येत नाही; रुग्णाला वेळ आणि धीर हवा असतो. कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी औषधांची जाहिरात मात्र ‘औषधी व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४’ अन्वये प्रतिबंधित आहे.

निर्णयाचे निकष

पूरक उपाय स्वीकारताना काही प्रश्न निर्णायक मानले जातात. उपायाचा हेतू रोग हटवणे आहे की त्रास कमी करणे? औषधाच्या वेष्टनावर घटक व मात्रा लिहिलेली आहे का? त्यासाठी केमोथेरपीची तारीख पुढे ढकलावी लागते का? खर्च किती आणि लाभ न झाल्यास तो कधी थांबवायचा? घेतली जाणारी प्रत्येक पुडी, काढा वा गोळी कर्करोगतज्ज्ञास दाखवणे आवश्यक असते. रागावतील या भीतीने अनेक रुग्ण ही माहिती दडवतात. डॉक्टरांनी न रागावता स्वतःहून विचारणे हा म्हणूनच सुरक्षित उपचाराचा भाग आहे.

केमोथेरपीचा उपयोग होईनासा झाल्यावर ती थांबवण्याचा निर्णय वैद्यकीयदृष्ट्या योग्य असू शकतो. त्या वेळी उपशामक सेवा उपलब्ध असते : वेदनांवर मॉर्फिन, पोटातील पाणी काढणे, उलट्यांवर उपचार आणि कुटुंबाला आधार. ही सेवा केवळ अखेरच्या दिवसांसाठी नसून निदानापासून इतर उपचारांसोबत घेता येते. टाटा स्मारक रुग्णालयात तिचा स्वतंत्र विभाग आहे, तर वांद्र्याचे शांती आवेदना सदन हे १९८६ मध्ये सुरू झालेले भारतातील पहिले शुश्रूषागृह (हॉस्पिस) मानले जाते.