क्यूटी सोर्समधून बिल्ड करताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘सोर्स उतरवा, तीन कमांड द्या, झालं. लिनक्स असो की विंडोज, सगळीकडे सारखंच.’ क्यूटी हे फ्रेमवर्क स्वतः कंपाइल करायला बसलेल्या नवख्याला हे हमखास ऐकवलं जातं. तीन कमांड खऱ्या आहेत: कॉन्फिगर, मग सीमेकने बिल्ड, शेवटी इन्स्टॉल. डिसेंबर २०२० मध्ये क्यूटी ६ आलं, तेव्हापासून लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हीकडे हाच क्रम आहे. पण खालचा कंपायलर आणि लायब्रऱ्या प्रत्येक ठिकाणी वेगळ्या असतात, आणि माणूस अडतो तो तिथेच.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे ‘कॉन्फिगरने एरर दिली नाही, म्हणजे सगळं जुळलं.’ तसं नसतं. कॉन्फिगर तुमच्या मशीनवर काय आहे ते तपासतं, आणि जे सापडत नाही त्यातलं बरंचसं मुकाट्याने वगळून पुढे जातं. नव्याने टाकलेल्या उबुंटूवर एक्ससीबीची, म्हणजे लिनक्सवर खिडक्या उघडायला लागणाऱ्या लायब्ररीची, डेव्हलपमेंट पॅकेजेस नसतात. तरी कॉन्फिगर पार पडतं, कंपाइल होतं, इन्स्टॉलही होतं. मग पहिला प्रोग्रॅम चालवावा, तर एक्ससीबी प्लगइन मिळत नसल्याची तक्रार टर्मिनलवर येते आणि खिडकी काही उघडत नाही. मी स्वतः अशी एक अख्खी रात्र घालवली आहे. उत्तर संध्याकाळपासूनच बिल्डच्या फोल्डरमध्ये होतं: ‘कॉन्फिग डॉट समरी’ नावाच्या फाइलमध्ये एक्ससीबीच्या ओळीपुढे ‘नो’. क्यूटी ६.५ पासून तर एक्ससीबी-कर्सर ही लायब्ररीही लागते. पॅकेजांच्या जुन्या याद्यांमध्ये ती नसते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पॅकेज नंतर टाकून कॉन्फिगर पुन्हा चालवलं, तरी सीमेकच्या कॅशमध्ये ‘सापडलं नाही’ हा जुना निकाल तसाच राहू शकतो. अशा वेळी कॅश पुसा, किंवा नवं बिल्ड फोल्डर घ्या.

मराठी वाचकाने त्याच फाइलमधली हार्फबझची ओळही बघावी. लिनक्सवर क्यूटीमध्ये देवनागरी अक्षरांची जुळणी हीच लायब्ररी करते. क्यूटीसोबत तिची प्रत येतेच, त्यामुळे एरवी काळजी नसते. पण बिल्ड लहान करायच्या नादात कुणी ती बंद केली, तर ‘विद्यार्थी’मधली जोडाक्षरं सुटी होतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता मागे जाऊन बसते. कंपायलर याबद्दल चकार शब्द काढत नाही.

विंडोजवर अडचण वेगळी. तिथे ‘कंपायलर कुठलाही चालतो’ असं समजतात. बिल्ड करायला मायक्रोसॉफ्टचा एमएसव्हीसी चालतो आणि मिनजीडब्ल्यूही चालतो, पण एकाने बनवलेली क्यूटी दुसऱ्याने बनवलेल्या प्रोग्रॅमला जोडता येत नाही. दोघांचे सी प्लस प्लसचे बायनरी संकेत जुळत नाहीत. शिवाय सोर्स ड्राइव्हच्या मुळाशी, छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. फोल्डरमध्ये फोल्डर करत गेलात, तर विंडोजची पाथसाठीची २६० अक्षरांची जुनी मर्यादा आडवी येते. मॅकवर एवढंच: बिल्ड आपसूक तुमच्या मशीनच्या प्रोसेसरपुरतं होतं. इंटेल आणि ॲपल सिलिकॉन दोन्हींसाठी हवं असेल, तर तसं कॉन्फिगरलाच सांगावं लागतं.

‘स्वतः कंपाइल केलं की वेग वाढतो’ हे मला पटत नाही. तयार मिळणारी क्यूटीही ऑप्टिमाइझ केलेलीच असते. नको असलेले भाग गाळायचे आहेत, एखादी दुरुस्ती स्वतः लावायची आहे, स्टॅटिक बिल्ड हवं आहे, किंवा तयार बिल्ड नसलेल्या बोर्डवर क्यूटी न्यायची आहे, तरच हा खटाटोप करावा. तेव्हाही सगळे मॉड्यूल घेऊ नका. वेबइंजिनच्या पोटात क्रोमियम आहे. ते एकटंच बाकीच्यांना भारी पडतं.

‘जितके कोअर, तितकी कामं एकदम’ हाही अर्धाच खरा सल्ला. प्रत्येक काम आपापली रॅम खातं. बिल्ड मध्येच थांबून ‘किल्ड’ असा शब्द दिसला, तर बहुधा कोडमध्ये चूक नसते, मेमरी संपलेली असते. एका वेळची कामं कमी करा आणि तीच कमांड पुन्हा द्या. सीमेकच्या हाताखाली बिल्ड चालवणारं निंजा झालेलं काम पुन्हा करत नाही, उरलेलंच उचलतं.

आणि सोर्स स्वतः कंपाइल केल्याने लायसन्स बदलत नाही. एलजीपीएलखाली घेतलेली क्यूटी एलजीपीएलखालीच राहते. स्टॅटिक जोडून प्रोग्रॅम वाटलात, तर वापरणाऱ्याला बदललेल्या क्यूटीशी तो पुन्हा जोडता येईल अशी सोय तुम्हाला द्यावीच लागते.

तेव्हा पुढच्या वेळी कॉन्फिगर संपलं की लगेच बिल्डची कमांड देऊ नका. आधी ती समरीची फाइल उघडा आणि वरपासून खालपर्यंत वाचा. पाच मिनिटांचं काम आहे.