डोकं धरायचं कुठे?

मेंदूत सुई घालायची, तर डोकं तसूभरही हलता कामा नये. ही साधी अट पुरी करायला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या दोघांना एक पितळी यंत्र घडवून घ्यावं लागलं. व्हिक्टर हॉर्स्ली हा त्या काळचा नामांकित शल्यविशारद. कल्पना मात्र त्याचा सहकारी रॉबर्ट हेन्री क्लार्क याची. जेम्स स्विफ्टने १९०५मध्ये यंत्र बनवलं आणि १९०८मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात दोघांनी ते जगापुढे मांडलं. मांजराच्या किंवा माकडाच्या दोन्ही कानांत दोन दांडे सरकवायचे, डोळ्यांच्या खोबणीची खालची कड आकड्यांनी दाबून धरायची, की कवटी चौकटीत पक्की बसते. मग पुढे-मागे, डावी-उजवी आणि खोली असे तीन आकडे लावले, की सुईचं टोक न दिसणाऱ्या मेंदूत ठरल्या जागी पोचतं.

याच कॉलेजात १९०३मध्ये एका तपकिरी कुत्र्यावर विद्यार्थ्यांसमोर प्रयोग झाला होता. त्यावरून खटला झाला, बॅटरसीमध्ये त्या कुत्र्याचा पुतळा उभा राहिला, वैद्यकीय विद्यार्थ्यांनी दंगल केली आणि १९१०मध्ये नगरपालिकेने पुतळाच हलवला. यंत्राचा इतिहास सांगताना ही बाजू सहसा गाळली जाते. ती गाळू नये असं मला वाटतं.

हॉर्स्ली आणि क्लार्क यांचं यंत्र १९०८नंतर बरीच वर्षं जवळजवळ पडूनच होतं. ऑब्री मसन याने १९१८च्या सुमारास माणसाच्या डोक्याच्या मापाचं एक बनवून घेतलं, पण ते माणसावर कधी वापरलं गेलं नाही. फिलाडेल्फियात स्पीगल आणि वायसिस यांनी माणसावर हे तंत्र वापरलं, तेव्हा १९४७ साल उजाडलं होतं. अडचण कवटीची होती. कान आणि डोळा यांवरून मेंदूतली जागा मोजायची, तर कवटी आणि मेंदू यांचं नातं प्रत्येकात सारखं हवं. माणसात ते नसतं. म्हणून त्या दोघांनी बाहेरचं हाड सोडलं आणि मेंदूतल्या पोकळ्या एक्स-रेवर दिसतील अशी सोय करून तिथून मोजमाप धरलं.

मोठ्या जनावरांत हीच अडचण दुप्पट होते. प्रयोगशाळेतले उंदीर एका वंशाचे, एका वजनाचे; छापील नकाशा त्यांना पुरतो. डुकराचं तसं नाही. त्याची कानाची नळी लांब, अरुंद आणि तिरकी, त्यामुळे कानातले दांडे नीट बसत नाहीत. कपाळाचं हाड जाड, वयाबरोबर त्यात हवेच्या पोकळ्या पसरत जातात आणि मेंदू त्यांच्या मागे दडलेला असतो. पोकळीतून भोक पाडलं तर जंतुसंसर्गाची भीती. म्हणून चौकट वरच्या जबड्यावर आणि गालाच्या हाडांवर पेलली जाते. ती एमआरआयमध्ये न्यायची असल्याने लोखंडाला तिथे थारा नाही. प्लास्टिक आणि टायटॅनियम चालतं. डेन्मार्कमधल्या आर्हुस इथे गॉटिंगेन जातीच्या छोट्या डुकरांसाठी बसवलेल्या पद्धतीत कवटीवर खुणेसाठी कॉपर सल्फेटचं द्रावण भरलेली कुपी लावतात, कारण ते एमआरआयच्या चित्रात ठळक उठून दिसतं. म्हणजे आपल्या द्राक्षबागायतदारांचं मोरचूदच! ती खूण धरून त्याच जनावराच्या चित्रावर तीन आकडे काढायचे. नकाशा आता ज्याचा त्याचा.

मेंढीची कथा वेगळी. ती रवंथ करणारी. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन श्वासनळीत उतरलं तर जीव जातो. म्हणून आधी उपाशी ठेवणं, फुगा असलेली नळी श्वासनळीत बसवणं, जठरातही नळी सोडून साठणाऱ्या वायूला वाट देणं हे सगळं शस्त्रक्रियेच्या तयारीतच येतं. चौकटीची किंमत चटकन विचारली जाते, या नळ्यांची कुणी विचारत नाही.

मेंढीच्या मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांच्या वाटेवर बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. कवटी न उघडता मेंदूपर्यंत पोचायला मानेतून धमनीमार्गे नळी वर सरकवावी, तर ती तिथेच अडते. मेलबर्नच्या संशोधकांनी शिरेची वाट धरली. मानेतल्या शिरेतून मेंदूवरच्या मोठ्या शिरेत त्यांनी स्टेंटसारखी जाळी नेली आणि तिच्यावरच्या इलेक्ट्रोडांनी मेंदूचे संकेत टिपले. ते काम १९० दिवसांपर्यंत चाललं, असं २०१६मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त प्रसिद्ध झालं. यात कवटीला भोकच नव्हतं. नळीची वाट एक्स-रेच्या चलच्चित्रावर पाहायची. तीन वर्षांनी, २०१९मध्ये, मेलबर्नमध्येच ते उपकरण पहिल्यांदा माणसात बसवलं गेलं.

माकडांचं ऋण मात्र जुनं आहे. १९९०मध्ये बर्गमन, विखमन आणि डीलाँग यांनी विषारी रसायनाने पार्किन्सनसारखी लक्षणं जडवलेल्या माकडांत मेंदूतलं सबथॅलॅमिक केंद्र निकामी केलं, आणि हातापायांची हालचाल सुधारली. काही वर्षांत ग्रनोब्लमध्ये बेनाबिद यांच्या चमूने त्याच ठिकाणी माणसांत इलेक्ट्रोड बसवून विद्युत स्पंदनं दिली. आज पार्किन्सनच्या शस्त्रक्रियेत बहुतेकदा जिथे तार सोडतात, ते ठिकाण त्या माकडांनी दाखवलं.