काळा घोड्याचं निळं सिनेगॉग

कामासाठी मुंबई गाठणारे फोर्टात फिरतात, पण काळा घोड्याजवळच्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगकडे फारसे वळत नाहीत. बगदादी ज्यूंचं हे प्रार्थनामंदिर 1884 मध्ये जेकब ससून आणि त्यांच्या भावंडांनी वडील एलियाहू यांच्या स्मरणार्थ बांधलं.

अनेक वर्षं त्याची ओळख एकच: भडक फिरोजी निळा रंग. छायाचित्रकारांना तो आवडे, पण मूळ रंग तो नव्हताच. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली जुने थर खरवडले गेले, तेव्हा पांढरा आणि गडद नीळ असा जुना मेळ परतला. रंगीत काचाही दुरुस्त झाल्या. पश्चिमेच्या भिंतीकडे बघा! प्रार्थना जेरुसलेमच्या दिशेनं, म्हणून पवित्र ग्रंथांचं कपाट तिथेच.

2019 मध्ये दारं पुन्हा उघडली. त्याच वर्षी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला.

मराठी बोलणारे ज्यू मात्र बेने इस्रायल, कोकणातले ‘शनिवार तेली’, म्हणजे शनिवारी काम बंद ठेवणारे तेली. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग 1796 चं, मशीद बंदर भागातलं. पुण्यातल्या ओहेल डेव्हिड सिनेगॉगला तर लोकांनी सरळ ‘लाल देऊळ’ करून टाकलंय.