मलबार हिलचा खून, कोट्टायमची आई

रहस्यकथा हातात घेतली की खुनी कोण, एवढंच डोक्यात असतं ना? सुजाता मॅसी यांची ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ (२०१८) वाचताना दुसराच प्रश्न छळत राहतो: इस्टेट कुणाची? १९२१ची मुंबई. पडद्यात राहणाऱ्या तीन विधवा आपला वाटा ट्रस्टला देऊन टाकायला निघाल्यात. परपुरुषाला त्या भेटत नाहीत, त्यामुळे आत जाऊन त्यांच्याशी बोलू शकते ती वकील परवीन मिस्त्रीच. हे पात्र सुचलं ते कॉर्नेलिया सोराबजींवरून. जन्म आपल्या नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि मग थेट ऑक्सफर्डला! परवीनच्या सासरची प्रकरणं जरा लांबतात, पण गाळू नका. पाळीच्या दिवसांत तिला जिथे बसवतात, ती खोली खुनापेक्षा जास्त अंगावर येते.

ही संपली की लगेच अरुंधती रॉय यांचं ‘मदर मेरी कम्स टू मी’ (२०२५) घ्या. आठवणींचं पुस्तक आहे, पण भांडण तेच. केरळातल्या सिरियन ख्रिश्चन मुलींना जुन्या कायद्याने मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते मिळायचं. मेरी रॉय सुप्रीम कोर्टात गेल्या आणि १९८६ मध्ये जिंकल्या. घरात मात्र हीच आई लेकीवर आग पाखडायची. ‘श्यामची आई’वर वाढलेले आपण इथे दचकतोच. लेक आईला देवी करत नाही आणि खलनायिकाही नाही.

परवीन दोन रात्रींत संपेल. रॉय मात्र सावकाश वाचा.