फायबरचे काम : रेझिन घेताना फक्त भाव पाहू नका

मुंब्रा, कल्याण, भिवंडी या पट्ट्यात आपले अनेक बांधव फायबरच्या कामावर घर चालवतात. कुणी दुकानांच्या पाट्या करतो, तर कुणी डोंबिवलीच्या कारखान्यांसाठी टाक्या. हात बसलेला असतो, साचाही बिनचूक असतो. पण रेझिन घेताना फक्त भाव पाहिला जातो आणि तेथेच नुकसान होते.

बाजारात ‘जी. पी.’ म्हणून मिळते ते साधे ऑर्थो रेझिन. पाट्या, शोभेच्या वस्तू, गाडीचे पॅनेल यांना ते पुरते. आत सतत पाणी किंवा सौम्य रसायन राहणार असेल तर आयसो रेझिन घ्यावे. तीव्र आम्लाच्या टाकीला बहुधा व्हिनिल एस्टर लागते. आयसोचे पैसे घेऊन जी. पी. वापरणे ही अमानतीत खयानत आहे आणि ती लपतही नाही. पुढे फोड येतात, टाकी पाझरते, गिऱ्हाईक कायमचे तुटते.

मापाचेही तसेच. एक किलो रेझिनला साधारण १० ते २० ग्रॅम हार्डनर लागतो. उन्हाळ्यात कमी, थंडीत जास्त. फार कमी घातल्यास माल कच्चा राहतो. झाकणाने अंदाजे ओतण्यापेक्षा छोटा वजनकाटा ठेवावा. एक किलो मॅटला सुमारे अडीच किलो रेझिन धरावे. पावसाळ्यात ओलसर मॅट वापरू नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट जिवाची. हार्डनर आणि कोबाल्ट थेट एकमेकांत कधीही मिसळू नयेत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळावा, मगच हार्डनर घालावा. काही रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच असतो, तेव्हा दुकानदाराला विचारून घ्यावे. दोन्ही डबे वेगवेगळ्या, थंड जागी ठेवावेत. काम करताना चष्मा लावावा. डोळ्यात थेंब उडाल्यास लगेच भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरकडे जावे.

हार्डनर म्हणजे पेरॉक्साइड. २३ मे २०२४ रोजी डोंबिवली एमआयडीसीत पेरॉक्साइड बनवणाऱ्या कारखान्यात स्फोट झाला आणि दहाहून अधिक जीव गेले. आपल्या गाळ्यातला डबा लहान असतो, पण जात तीच.

आमची कारागीर बांधवांना विनंती आहे की, बिलावर रेझिनचा प्रकार लिहून द्या. भाव थोडा चढा वाटला तरी गिऱ्हाईक विश्वासाने परत येईल आणि कमाईत बरकत राहील.