धसका घडीचा, घोर वर्षाचा

२१ मार्च २०२४ ची सकाळ परभणीकडच्या बायकांना चांगली आठवत असेल. नुकतेच सहा वाजून गेले होते. कुणी चहाचं आधण ठेवलं होतं, कुणी नळाला पाणी आलं का ते बघत होतं, आणि एकाएकी मांडणीवरची भांडी खडखडली. हिंगोली जिल्ह्यात ४.५ रिश्टरचा भूकंप झाला होता. त्याचे हादरे परभणी-नांदेडपर्यंत जाणवले. आमच्या शेजारच्या वहिनी निजलेल्या लेकराला उचलून अनवाणी अंगणात आल्या. लेकरू बारा वर्षांचं बरं का! एरवी पाण्याची कळशी उचलली तरी त्यांची कंबर धरते. ‘‘मी उचललं कसं, माझं मलाच कळेना,’’ असं त्या कितीतरी दिवस सांगत होत्या.

त्यांच्या मनात किल्लारी होती. ३० सप्टेंबर १९९३ ची, गणपती विसर्जनानंतरची ती पहाट मराठवाड्यातली कोणती बाई विसरेल?

पण हे बळ आलं कुठून? आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या दोन लहानशा ग्रंथी असतात. धोका दिसला की मेंदू त्यांना वर्दी देतो आणि त्या रक्तात ॲड्रिनलीन सोडतात. काळीज धडधडतं, रक्तदाब चढतो, यकृतात साठवलेली साखर रक्तात उतरते, हातापायांकडे रक्त धावतं. पचनाचं काम तेवढ्यापुरतं बाजूला पडतं. दाराशी साप निघाला तर आपण भाकरी थापत बसतो का? तोंडाला कोरड पडते ती म्हणूनच. पाठोपाठ त्याच ग्रंथींतून कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य येतं आणि साखरेचा पुरवठा चालू ठेवतं. धोका टळला की मेंदूच ‘आता पुरे’ म्हणतो आणि थोड्या वेळात सारं ठिकाणावर येतं. निरोगी माणसाला असा धसका सहसा अपाय करीत नाही. उलट जीव वाचवायलाच तो असतो.

खरी गोम पुढे आहे. वहिनींची मानवतकडे शेती. सोयाबीनला भाव नाही, पीककर्ज डोक्यावर, लेकीची कॉलेजची फी, सासूबाईंची साखर, शिवाय यंदा येलदरी धरण भरतं की नाही ही दर पावसाळ्याची धास्ती. शरीराला भूकंप आणि बँकेची नोटीस यांतला फरक फारसा कळत नाही. वर्दी तीच जाते, द्रव्यं तीच सुटतात. मात्र भूकंपाचा धक्का क्षणात थांबतो. नोटीस कपाटातच असते. पळायचं तरी कुठे?

कॉर्टिसॉल सकाळी जास्त आणि रात्री कमी असावं, हा निसर्गाचा नेम. रोजच्या घोराने तो बिघडू शकतो. मग पहाटे तीनला डोळे टक्क उघडतात, रक्तदाब चढू लागतो, पोटाचा घेर वाढतो, पाळी मागेपुढे होते, सर्दी-खोकला लवकर हटत नाही. १९९५ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची सेवा करणाऱ्या तेरा बायका आणि तशी जबाबदारी नसलेल्या तेरा बायका, अशा सव्वीस जणींच्या हातावर सारखीच बारीकशी जखम केली. सेवा करणारणींची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले! ‘काळजीने वाळली’ असं आपल्याकडे म्हणतात. इथे तर कातडीनेच साक्ष दिली.

आपण मात्र याला ‘पित्त’ म्हणतो, नाहीतर ‘अशक्तपणा’. वहिनी दोन वर्षं पित्ताच्या गोळ्या घेत होत्या, त्याही मनानेच. शेवटी मीच त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्तदाब निघाला १५०/९६. बाईंनी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखरही तपासायला सांगितली, कारण सगळंच टेन्शनच्या माथी मारणंही बरं नव्हे. छातीत दडपण, दम लागणं, घाम, मळमळ असं एकाएकी झालं तर ‘ताण असेल’ म्हणून घरी बसू नका. तडक दवाखाना गाठा.

उपाय म्हणाल तर श्वास सावकाश सोडला, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावला, तर काळजाची धडधड उतरते. पाच मिनिटं पुरतात. रोज अर्धा तास चालावं, संध्याकाळनंतरचा चहा टाळावा, निजायची वेळ ठरलेली असावी. श्वासाने कर्ज फिटत नाही, हे मलाही कळतं. म्हणून कागद नवरा-बायकोने मिळून उघडावेत. बाईपासून लपवलेला हिशेब तिला जास्त जाळतो, असं माझं मत. घरात बोलणं जमत नसेल तर १४४१६ हा ‘टेलिमानस’चा सरकारी फोन रात्रंदिवस, फुकट चालतो आणि मराठीतही बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार कुणाच्या मनात येत असतील तर तो आजच लावा, आणि त्या माणसाला एकटं सोडू नका.

वहिनींना आठ दिवसांनी पुन्हा रक्तदाब मोजायला बोलावलं आहे. ‘‘भाऊजींनाही घेऊन या,’’ असं मी सांगितलंय. त्यांचा तर कधी मोजलेलाच नाही.